मनातला मांडा आणि खापरावरचा मांडा

मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाने मांडे खाल्लेले असतात; मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी ते मनातच खाल्लेले असतात. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, भात आणि नारळ यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार प्रथम भेटला तो शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात. अर्थ : व्यर्थ मनोराज्य करणे. वाक्यात उपयोग करा. आम्ही तो केला, गुण मिळवले आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळलो. मांडा नावाची वस्तू खरोखरच कोठे तरी भाजली जाते, तिला चव असते, ती बिघडूही शकते, असा विचार करण्याची गरज कोणालाच भासली नाही. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना केवळ बुद्धीत अस्तित्व असणाऱ्या वस्तू आणि प्रत्यक्ष अस्तित्व असणाऱ्या वस्तू असा भेद समोर आला, तेव्हाही मांड्याची गणना माझ्या मनाने विनातक्रार पहिल्या वर्गात करून टाकली.

गेल्या उन्हाळ्यात, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, दीपनगर येथे मला हे वर्गीकरण बदलावे लागले. प्रस्तुत लेख त्या बदलाविषयी आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. एखाद्या कलाकृतीचे परीक्षण करावे त्याप्रमाणे एका पदार्थाचे परीक्षण करावे आणि ते करताना परीक्षकाचेही थोडे परीक्षण व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

मराठीत खाद्यपदार्थांविषयी विपुल आणि रसाळ लेखन झाले आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘माझे खाद्यजीवन’ किंवा दुर्गाबाई भागवत यांचे ‘खमंग’ ही नावे वाचकांना चटकन आठवतील. तथापि अशा लेखनाचा एकंदर ओघ पाहिला तर त्यातील फार मोठा भाग स्मरणाच्या आधारे उभा असल्याचे दिसते. आईच्या हातची आमटी, आजोळची फणसाची भाजी, बालपणीच्या जत्रेतील शेव-रेवडी. या लेखनात पदार्थाबरोबर बालपणही शिजत असते आणि वाचकाला नेमके काय चविष्ट लागले हे सांगणे कठीण होऊन बसते. प्रौढपणी, परक्या मुलखात, एखादा पदार्थ पहिल्यांदाच खाणाऱ्या माणसाजवळ ही शिदोरी नसते. तो मांडा खातो तेव्हा त्याला कोणाची आई आठवत नाही. म्हणून त्याची साक्ष अधिक नितळ असावी, असे आपण मानतो.

परंतु तेथेही एक अडसर असतो. पदार्थ प्रसिद्ध असला की त्याची कीर्ती त्याच्या आधी पानात वाढली जाते. ‘खानदेशात जाताय? मग मांडे खाल्ल्याशिवाय परतू नका,’ असे मला निघण्यापूर्वी किमान चार जणांनी बजावले होते. त्या चौघांपैकी दोघांनी मांडे कधीच खाल्ले नव्हते! पाहुणा पहिला घास घेतो तेव्हा मांडा खातो की मांड्याची ख्याती खातो? या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर फारसे भूषणावह नाही. ते पुढे येईलच.

भुसावळ मागे टाकून वरणगावच्या दिशेने निघाले की महामार्गालगत दीपनगर लागते. औष्णिक विद्युत केंद्राभोवती वसलेली ही कर्मचाऱ्यांची वसाहत. केंद्राच्या उंच धुराड्या दुरूनच वाट दाखवतात. येथे प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. वीज केंद्राच्या वसाहतीत महाराष्ट्राच्या सर्व कोपऱ्यांतली, तशीच परप्रांतांतलीही कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. अशाच एका परिचित कुटुंबाच्या आग्रहावरून मी गेलो होतो. आखाजी होऊन चार दिवस झाले होते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते आणि पानावर आमरसाबरोबर पुरणाचे मांडे असतात. माझ्या यजमानांच्या शेजारणीच्या आई सणासाठी लेकीकडे आल्या होत्या. सारी वसाहत त्यांना ‘मावशी’ म्हणत असे. मांडे करावेत ते मावशींनीच, असा त्यांचा लौकिक. ‘फादर पहिल्यांदाच येताहेत’ हे निमित्त पुरेसे ठरले आणि शेजाऱ्यांच्या मागील अंगणात विटांची चूल मांडली गेली.

मांडा कसा होतो हे पाहिल्यावाचून त्याचे परीक्षण करता येणार नाही, म्हणून प्रक्रिया थोडक्यात सांगतो. गहू धुऊन, ओलवून, फडक्यात बांधून ठेवतात. मग सावलीत सुकवून दळतात आणि पीठ बारीक कापडातून गाळतात. त्यामुळे कोंडा मागे राहतो आणि हाती येते ते रेशमासारखे मऊ पीठ. ते सैल भिजवतात, तेल-पाण्याचा हात लावून पुन:पुन्हा मळतात, आपटतात, तिंबतात. कणकेला अशी तार सुटली पाहिजे की ओढले असता ती तुटू नये. पुरण हरभऱ्याच्या डाळीचे, अगदी गुळगुळीत वाटलेले. एखादा कण राहिला तर पुढे तोच कण मांड्याला भोक पाडतो. पुरण भरलेला उंडा प्रथम थोडा लाटून घेतात. त्यानंतर पोळपाट-लाटण्याचे काम संपते. मावशींनी तो उंडा उचलून दोन्ही हातांवर घेतला आणि या हातावरून त्या हातावर असा फिरवू लागल्या. प्रत्येक फेऱ्यागणिक तो स्वत:च्याच वजनाने पसरत गेला. बघता बघता तो त्यांच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत लोंबू लागला. इतका पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. मग हातांच्या एकाच झोकात तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर जाऊन पसरला. खाली कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ. क्षणभरात पृष्ठभागावर फोड उठले, तपकिरी ठिपके उमटले, आणि रुमालाची घालावी तशी घडी घालून मांडा बाहेर आला.

एवढे पाहिल्यावर माझ्या मनातील परीक्षक गप्प बसला आणि प्रेक्षक टाळ्या वाजवू लागला. येथेच चूक झाली.

पाहुण्याचा मान म्हणून पहिला मांडा माझ्या पानात आला. मावशींनी तिकडून काहीतरी म्हटले, परंतु यजमानीणबाई वाढण्याच्या घाईत होत्या. मी तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि ‘कसा झालाय, फादर?’ या प्रश्नाला घास गिळण्यापूर्वीच उत्तर दिले : ‘अप्रतिम!’ सारे प्रसन्न झाले. मी दुसरा घास घेतला, आणि आता उत्तर देऊन झाल्यावर, प्रथमच चव घेतली. खरे सांगायचे तर निराशा झाली. मांडा चिवट लागत होता. कडा वातड होत्या. पुरणाची गोडी कणकेत मुरण्याऐवजी वेगळी पडल्यासारखी वाटत होती. मला वाटले, हाच का तो मांडा? मग लगेच दुसरा विचार आला : मी किनाऱ्यावरचा, मला यातले काय कळणार? आणि मी तिसरा घास घेऊन पुन्हा मान डोलावली.

थोड्या वेळाने मावशी चुलीपुढून उठून घाम पुसत पाण्यासाठी आत आल्या. मी त्यांच्यापाशीही तोच ‘अप्रतिम’ उच्चारला. त्यांनी माझ्या पानाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘खरं सांगा फादर, वातड लागला ना? मी म्हणत होते, तो पहिला देऊ नका. खापर तापलं नव्हतं. गहूही यंदाचा नवा आहे, पीठ दोनदा हातावर फाटलं. आता चौथा घ्या, तो बरा उतरलाय.’

त्या वेळी माझी झालेली अवस्था वाचकांनी कल्पनेनेच जाणावी. त्या दिवशीच्या सर्वांत फसलेल्या मांड्याला मी सर्वांत मोठे विशेषण बहाल केले होते. ज्या बाईने त्यातला एक घासही खाल्ला नव्हता, तिला तो फसल्याचे ठाऊक होते. तो खाणाऱ्या मला ते जिभेला कळूनही तोंडाने कबूल करवले नव्हते. मावशींचे ते पाच वाक्यांचे बोलणे मला एका उत्तम परीक्षणाचा नमुना वाटते. त्यात दोष काय हे आहे, दोषाचे कारण आहे, साहित्याची मर्यादा आहे, आणि चांगले कोठे सापडेल याचा निर्देशही आहे. शिवाय त्यात कोणाच्याही डोक्यावर खापर फोडलेले नाही. ते बिचारे तापायचे होते, एवढेच.

चौथा मांडा मी खाल्ला. आता त्याविषयी, या खेपेस घास गिळून झाल्यावर, लिहितो.

त्या मांड्याचा पहिला गुण त्याचा पातळपणा. पोळीत पुरण भरलेले असते, हे आपल्याला खाताना कळते. वरचे आवरण आणि आतला ऐवज असे दोन पदर जिभेला जाणवतात. उत्तम मांड्यात हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. आशय आणि आकृतिबंध यांची एकरूपता हा शब्दप्रयोग आपण कवितेच्या संदर्भात वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. मला त्याचा अर्थ दीपनगरच्या अंगणात नव्याने समजला. पुरण कडेपर्यंत पोहोचलेले होते आणि तरीही ते कोठे साचलेले नव्हते. दुसरा गुण खापराचा. लोखंडी तव्याची आच सपाट आणि तीव्र असते. मातीचे खापर सावकाश तापते आणि फुगीर असल्यामुळे मांड्याला ताण देऊन धरते. त्यामुळे मांडा जळत नाही, मऊ राहतो, आणि त्याला मातीचा व धुराचा एक पुसट गंध लाभतो. तिसरा गुण घडीचा. घडी घालताना आतील वाफ कोंडली जाते आणि मांडा स्वत:च्याच उष्णतेत आणखी थोडा मुरतो. दूध-तूप घालून खाल्ल्यास तो विरघळतो. आमरसाबरोबर खाल्ल्यास रसाचा आंबटपणा पुरणाच्या गोडीला तोल देतो. मला स्वत:ला आमरसाची संगत अधिक रुचली, कारण नुसते दूध-तूप मांड्याला जरा अधिकच सौम्य करून टाकते.

दोषही सांगितले पाहिजेत. मांडा थांबत नाही. खापरावरून उतरल्यापासून त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. गार झाल्यावर त्याच्या कडा चामड्यासारख्या होतात. वेलदोडा आणि जायफळ यांचा हात थोडा सैल सुटला की पुरणाची स्वत:ची, डाळीची चव दडपून जाते. त्या दिवशी ती काहीशी दडपली गेली होती. आणि आकाराचा एक मोह मांड्यात असतो. हातभर रुंद मांडा पाहून डोळे दिपतात. परंतु फार मोठा करण्याच्या हौसेत मध्यभाग विरळ आणि कडा जाड राहतात. भव्यतेचा हा दोष केवळ पाककलेतच आढळतो असे नाही.

तुलना केल्यावाचून समीक्षा पूर्ण होत नाही. बेळगावकडील मांडाही प्रसिद्ध आहे. परंतु नाव एक असले तरी तो वेगळ्या कुळातला. त्यात पिठीसाखर आणि तूप असते, तो कुरकुरीत भाजला जातो, आणि लग्नसमारंभात मिरवतो. कुरकुरीतपणाची अपेक्षा मनात धरून खानदेशचा मांडा खाल्ला तर निराशा अटळ आहे. माझ्या पहिल्या घासाच्या निराशेत थोडा वाटा या ऐकीव अपेक्षेचाही होता. आपल्या समाजातील वाचकांना अधिक परिचयाची तुलना म्हणजे गोव्याच्या बेबिंकाची. नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर, तूप, आणि एकावर एक भाजलेले थर. पहिला थर भाजल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. आच वरून द्यायची. सारा दिवस त्यात जातो. बेबिंका आणि मांडा दोन्ही धीराची फळे आहेत, पण धीर वेगळ्या जागी लागतो. बेबिंकाचा धीर भाजण्यात आहे. एकदा झाला की तो दिवसेंदिवस टिकतो, डब्यातून मुंबईस जातो, विमानातून परदेशी जातो. मांड्याचा सारा धीर आधी खर्च होतो, गहू ओलवण्यात, पीठ गाळण्यात, कणीक तिंबण्यात. भाजण्याचे काम मात्र क्षणाचे, आणि त्या क्षणी खाणारा जवळ असावा लागतो. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्यालाही ते त्याआधीच लाभले आहे. वस्तूवर असा शिक्का मारता येतो. मावशींच्या मनगटावर तो कोठे मारणार?

मांडा ही कालपरवाची वस्तू नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनातील पदार्थांमध्ये गव्हाच्या ‘मंडका’ची नोंद आहे. राजाच्या पानातून तो खानदेशच्या शेतकऱ्याच्या पानात आला, की शेतकऱ्याच्या घरातून राजवाड्यात गेला, यावर विद्वानांनी खुशाल वाद करावा. मला अधिक मोलाची वाटते ती मांड्याची दुसरी आठवण. ती राजवाड्यातली नसून एका बहिष्कृत घरातली आहे, आणि दीपनगरहून वरणगावमार्गे पुढे गेले की त्याच महामार्गावर त्या आठवणीतील मुलीच्या नावाचे गाव लागते : मुक्ताईनगर.

ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपान आणि मुक्ताबाई ही संन्याशाची मुले म्हणून समाजाने वाळीत टाकलेली. कथा अशी सांगतात की निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली आणि मुक्ताई खापर आणावयास कुंभाराकडे गेली. विसोबा चाटी याने कुंभारांना बजावून ठेवले होते, हिला खापर देऊ नका. ती रिकाम्या हाताने, रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. हा प्रकार पाहून विसोबाचे मन पालटले. पुढे तोच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला, असे परंपरा मानते. मुक्ताबाई तापीकाठच्या मेहुण येथे शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, अंतर्धान पावल्या अशी श्रद्धा आहे; कोथळी आणि मेहुण येथील स्थानांना आजही वारकरी मोठ्या भक्तीने जातात.

ही कथा सांगताना आपले सारे लक्ष तापलेल्या पाठीवर खिळते. ते स्वाभाविक आहे. परंतु मांडे होताना प्रत्यक्ष पाहिल्यावर माझे लक्ष कथेतील दुसऱ्या वस्तूकडे गेले. मुक्ताईच्या घरी पीठ होते. डाळ होती, सरपण होते, मांडे करण्याचे कसब तिच्या हातांत होते. अडले ते एका मातीच्या भांड्यासाठी, जे घरात घडवता येत नाही, जे दुसऱ्याकडून आणावे लागते. मांडा हा पदार्थ एकट्याने करता येत नाही. त्याला कुंभार लागतो, शेतकरी लागतो, चुलीशी जाळ सारणारे दुसरे कोणी लागते, आणि गरम असताना खाणारेही लागतात. म्हणूनच एखाद्या घराला वाळीत टाकायचे तर मांड्याच्या खापरावर नेमका हात पडतो. ज्याने ही कथा प्रथम सांगितली त्याला मांडे कसे होतात हे पक्के ठाऊक असले पाहिजे. भाकरी तव्यावर होते, आणि तवा घरात पिढ्यान् पिढ्या टिकतो. खापर तडकते, पुन्हा पुन्हा कुंभाराच्या दारी जावे लागते. कथेचे दु:ख त्या दारात आहे.

आपल्या वाक्प्रचाराने मांड्यावर केलेला अन्यायही येथे लक्षात येतो. एकट्याने बसून, कोणाच्या साहाय्यावाचून करता येतात ते मनातले मांडे. खापरावरचे मांडे तसे करता येत नाहीत. ज्या पदार्थाला एवढ्या माणसांचे हात लागतात, तोच भाषेने पोकळ मनोराज्याचे प्रतीक म्हणून निवडावा, हा विरोधाभास आहे. कदाचित त्याचे कारण साधे असेल : ज्यांच्या वाट्याला मांडा सहजासहजी येत नव्हता, त्यांनी तो मनात खाल्ला, आणि त्यांचीच भाषा आपण बोलतो.

आता खापरही दुर्मीळ होत चालले आहे. स्वयंपाकाच्या गॅसवर ते नीट बसत नाही, सदनिकेत चूल पेटवता येत नाही, आणि सैल कणीक मनगटावर झेलण्याचे कसब शिकण्यास ज्या वर्षांची गरज असते ती आजच्या मुलींपाशी नाहीत. त्यांनी ती शिक्षणाला आणि नोकरीला दिली, यात गैर काही नाही. मुंबई-पुण्यात खानदेशी खाद्यमहोत्सव भरतात, बचत गटांच्या भगिनी तेथे मांडे करून दाखवतात, लोक रांगा लावून छायाचित्रे घेतात. त्यातून त्या भगिनींच्या हाती दोन पैसे पडतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पिशवीत घालून घरी नेलेला आणि रात्री खाल्लेला मांडा पाहून कोणी ‘यात काय विशेष?’ म्हणाले, तर तो दोष मांड्याचा नसतो. आणि तेथेच उभ्या उभ्या, पहिल्या घासाला, कोणी ‘अप्रतिम’ म्हणाले, तर तो गुणही मांड्याचा असेलच असे नाही. हे मी स्वानुभवाने सांगतो.

या ‘अप्रतिम’ शब्दाशी मला अजून थोडे झगडायचे आहे, कारण तो आपल्या साहित्यिक जीवनाशीही निगडित आहे. आपला समाज संख्येने लहान. लिहिणारे बहुधा एकमेकांचे परिचित, अनेकदा नातलग. एखाद्याचे पुस्तक प्रसिद्ध होते, सभागृहात समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि व्यासपीठावरून आम्ही वक्ते एकामागून एक तेच म्हणतो जे मी दीपनगरला म्हणालो. पुष्कळदा पुस्तक पूर्ण वाचलेले नसते. घास अजून तोंडातच असतो. आम्ही हे दुष्टपणाने करीत नाही. लेखकाने कष्ट घेतले आहेत, त्याचे मन दुखवू नये, असा आमचा सद्भाव असतो. माझाही तसाच होता. परंतु त्या सद्भावाने मावशींना काय मिळाले? त्यांना आपला मांडा फसल्याचे ठाऊक होते. माझ्या स्तुतीतून त्यांना एवढेच कळले की या पाहुण्याला फसलेला आणि साधलेला मांडा यांतला फरक कळत नाही, किंवा कळूनही तो सांगत नाही. दोन्ही अर्थी, चौथा मांडा साधल्यावर मी केलेल्या स्तुतीचे मोल त्यांच्या लेखी शून्य झाले. लेखकाचेही असेच होते. आपली कोणती कविता वातड उतरली आहे हे त्याला आतून माहीत असते. तिचीही वाहवा झाली की त्याच्या साधलेल्या कवितेची वाहवा निरर्थक होते, आणि पुढच्या खेपेस खापर अधिक तापवण्याची त्याला गरज वाटत नाही.

याचा अर्थ कठोर व्हावे असा मुळीच नाही. कठोरपणा सोपा असतो. तोही घास न चावताच करता येतो. मावशींनी स्वत:च्या मांड्याविषयी जे म्हटले त्यात कठोरपणाचा लवलेश नव्हता. त्यांनी पीठ पाहिले होते, जाळ पाहिला होता, हातावर कणीक फाटताना अनुभवली होती. म्हणून त्यांना दोष सांगताना आवाज चढवावा लागला नाही. परीक्षकाने निदान एवढे तरी करावे, की वस्तू कशी झाली, कशाने झाली, हे पाहावे, आणि मग जिभेला जे जाणवले ते जाणवले तेवढेच सांगावे.

संध्याकाळी निघताना मावशींनी दोन मांडे स्वच्छ फडक्यात गुंडाळून बरोबर दिले. तोवर मला एक गोष्ट उशिरा सुचली, आणि मी विचारले, ‘मावशी, तुम्ही खाल्ला का?’ त्या हसल्या. चूल विझल्यावर शेवटचा उंडा उरला होता, तो त्यांनी नातवाला दिला होता. त्यांच्यासाठी सकाळची कळण्याची भाकरी होती. ‘धुरापुढे बसलं की गोड नको वाटतं,’ असे त्या म्हणाल्या. ते खरे असेलही. तथापि दिवसभरात पंधरा-सोळा मांडे करणाऱ्या हातांच्या वाट्याला एकही आला नाही, ही नोंद माझ्या परीक्षणातून वगळली तर ते अपुरे राहील.

फडक्यातले मांडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या मुक्कामी खाल्ले. कडा चामड्यासारख्या झाल्या होत्या, हे आधी सांगितलेच आहे. गरम दुधात बुडवल्यावर मधला भाग पुष्कळसा सावरला. धुराचा गंध मात्र उरला नव्हता. काही दिवसांनी यजमानांचा दूरध्वनी आला. मावशी विचारत होत्या, नेलेले मांडे कसे लागले? मी वर लिहिले आहे तेच सांगितले : कडा वातड, मध्य चांगला, गंध गेला. पलीकडे यजमानांनी ते मोठ्याने सांगितलेले मला ऐकू आले, आणि त्यामागोमाग मावशींचा आवाजही. पुढच्या आखाजीला फादरांना आधी दोन मांडे थांबायला सांगा, असे त्या म्हणत होत्या.